मुलांना घेऊन पाताळात: सोलापूरहून बेलमच्या गुहेला जाताना

"पाताळात उतरायला तिकीट काढायचं?" सासूबाईंचा पहिला प्रश्न. दुसरा, "आणि तिथं बघायचं काय?" पहिल्यावर सगळे हसले. दुसऱ्याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण मीही बेलमच्या गुहेचे फोटोच पाहिले होते. पिवळ्या-लाल उजेडात न्हालेल्या भिंती आणि मधे हसरी मंडळी.

गेलो, आणि अर्ध्यातून परत आलो. मे महिना, दुपारचे दोन, बरोबर नऊ माणसं. धाकटी कडेवरून उतरायला तयार नाही, जाऊबाईंना घेरी आल्यासारखं होतंय, आणि बाहेर गाडीवाला थांबायला कुरकुरतोय. दीड वर्षानं डिसेंबरात पुन्हा गेलो, या वेळी फक्त पाच जण. धाकटीच सगळ्यांच्या पुढे होती. गुहा तीच, दिवेही तेच. फरक पडला तो आम्ही घरी केलेल्या तयारीनं. म्हणून या लेखातला अर्धा भाग गुहेबाहेरचाच आहे.

कुठं आणि काय

आपल्याकडे 'केव्हज बघायला चाललो' म्हटलं की अजिंठा-वेरूळ डोळ्यांपुढे येतं. ती लेणी. माणसांनी छिन्नी-हातोडा चालवून खोदलेली. बेलम ही गुहा आहे, पाण्यानं कोरलेली. मुलांना हा फरक आधीच सांगून ठेवा, नाहीतर आत गेल्यावर 'मूर्ती कुठंयत?' सुरू होतं. महाराष्ट्राचा मोठा भाग लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बेसाल्टचा. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे अशा मैलोगणती गुहा आपल्याकडे होत नाहीत. त्यांना चुनखडक लागतो.

बेलम आंध्र प्रदेशात, नंद्याळ जिल्ह्यातल्या कोलिमिगुंडला मंडलात येते. जुन्या पुस्तकांत आणि नकाशांत कर्नूल जिल्हा दिसेल. २०२२ मध्ये जिल्हे नव्यानं पाडले तेव्हा हा भाग नंद्याळमध्ये गेला. गुहेची मोजलेली लांबी ३२२९ मीटर. त्यातली साधारण दीड किलोमीटर वाट पर्यटकांना खुली आहे. सगळ्यात खोल जागा, पाताळगंगा, प्रवेशापासून ४६ मीटर खाली. भारताच्या सपाट मुलखातली ही सगळ्यात लांब गुहा मानतात.

इतिहास मुलांना पुरेल एवढाच सांगते. १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूशास्त्रज्ञानं या गुहेची नोंद केली. भारतातलं अश्मयुगीन दगडी हत्यार पहिल्यांदा ओळखणारा हाच माणूस, १८६३ मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरमला. नंतर जवळपास शंभर वर्षं गुहेकडे कुणी फारसं फिरकलं नाही. १९८२-८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउअर या जर्मन अभ्यासकानं आपल्या गटासह आत शिरून नकाशा केला. पुढं आंध्रच्या पर्यटन महामंडळानं आतला गाळ-राडारोडा काढला, पायवाट आणि दिवे केले, आणि २००२ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली. त्याच्याही कितीतरी आधी इथं बौद्ध आणि जैन भिक्षू राहून गेल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. बाहेर बुद्धाची मोठी मूर्ती आहे ती त्याचीच आठवण.

पायरी पहिली: ओट्यावर लिंबू

ही पायरी निघायच्या आठ दिवस आधी, स्वयंपाकघरात.

आपला ओटा कशाचा? कडप्प्याचा. आणि जुन्या घरातली फरशी? शहाबादी. दोन्ही चुनखडकच, आणि दोन्ही नावं गावांची. शहाबाद तुमच्याच रेल्वेमार्गावर लागेल, आणि कडप्पा बेलमच्या शेजारचा मुलूख. म्हणजे ज्या जातीच्या दगडात ती गुहा झाली, त्यावर तुम्ही रोज भाकरी थापता. मुलांना हे सांगून बघा, गुहा एकदम घरची वाटायला लागते.

आता प्रयोग. फरशीवाल्याकडून कडप्प्याचा एक टाकाऊ तुकडा आणा. (थेट ओट्यावर करू नका. डाग जात नाही, आणि घरात ज्यांचा ओटा असेल त्यांच्याशी गाठ आहे.) तुकडा खिळ्यानं थोडा खरवडा. त्या भुकटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका आणि डोळे जवळ नेऊन बघा. बारीक बुडबुडे येतात. आम्लानं दगड विरघळतोय आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. दहा मिनिटांनी पुसलंत तर दगडाची चकाकी गेलेली आणि तिथं पांढुरका ठिपका दिसतो.

गुहा याच कामानं होते, फक्त लिंबाच्या जागी पाऊस असतो. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडंसं आम्लधर्मी होतं आणि खडकाच्या भेगांत झिरपतं. भेगेची फट होते, फटीचा बोगदा होतो, बोगद्यातून जमिनीखालचा ओढा वाहायला लागतो. मग कधीतरी पाण्याची पातळी खाली उतरते आणि मागं रिकामी पोकळी राहते.

छतावरून लोंबणारे लवणस्तंभ ही याच गोष्टीची उलटी बाजू. तीही घरात दाखवता येते. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोलापूरकराला नळाच्या तोंडावरचा पांढरा थर आणि हीटरच्या कॉइलवरची खपली सांगायला नको. खडकातून चुना विरघळवून आणलेला थेंब गुहेच्या छताला येऊन लटकतो. तिथल्या हवेत त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो, आणि चुना धरून ठेवायची पाण्याची ताकद कमी होते. मग तो चुना छतालाच चिकटून राहतो. छतावरून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ. थेंब खाली पडून जमिनीवर वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. मोठ्या मुलानं हे शब्द भूगोलाच्या पुस्तकात पाठ केले होते. नळाची तोटी दाखवल्यावर म्हणाला, "मग हे आपलं अधोमुखी आहे की काय?"

वाढीचा वेग मात्र सांगून ठेवा. वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरा. धाकटीची उंची तेव्हा ११० सेंटिमीटर होती. तेवढा स्तंभ व्हायला अकरा हजार वर्षं. हा हिशेब मुलांनाच करू द्या. आत गेल्यावर 'हात लावू नको' हे शंभरदा सांगावं लागत नाही.

पायरी दुसरी: नळदुर्गची रंगीत तालीम

माझ्या पहिल्या खेपेची मोठी चूक म्हणजे मुलं अंधारात कशी वागतात हे मला ठाऊकच नव्हतं. घरी लाइट गेली की इन्व्हर्टर लागतो. खरा अंधार त्यांनी बघितलेलाच नसतो.

म्हणून आधी घरात: रात्री खोलीची दारं-खिडक्या लावून, फटींना चादर लावून, एक मिनिट पूर्ण अंधार. सगळ्यांनी एकमेकांचा हात धरायचा आणि ऐकू येतं ते सांगायचं. पंखा नको. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी बॅटरी मुलाच्या हातात, केव्हा लावायची ते त्यानं ठरवायचं. हे 'त्यानं ठरवायचं' महत्त्वाचं. अंधार आपल्या हातात आहे असं वाटलं की मूल निम्मं शांत होतं.

मग एखाद्या रविवारी नळदुर्ग. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं तासाभरात पोचता. बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेला बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पायऱ्या उतरून दगडी भिंतीच्या आत शिरायचं. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहत असले तर गर्दी फार, तालमीला ते दिवस नकोत. हिवाळ्यात जा. अरुंद जिना, ओल, वटवाघळांचा वास, वाकून जायच्या जागा, सगळं थोडं थोडं तिथं आहे. आणि नाहीच जमलं तर पाच मिनिटांत उन्हात बाहेर.

मूल इथं घाबरलं तर बेलम पुढच्या वर्षावर टाका. आम्ही धाकटीला नळदुर्गला दोनदा नेलं. पहिल्यांदा ती पायरीवरच बसून राहिली. तिला ओढलं नाही. दुसऱ्यांदा स्वतःहून उतरली.

वयाचं म्हणाल तर पाच-सहाच्या पुढचं मूल उत्तम. तीनच्या आतलं असेल तर एका मोठ्या माणसानं त्याच्यासोबत बाहेर बसायची तयारी ठेवावी. कडेवर मूल घेऊन वाकून चालणं ही कसरत मी केली आहे. पाठ चार दिवस बोलत होती.

पायरी तिसरी: कधी जायचं

दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीपर्यंत. संपलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा मोह होतो, कारण 'गुहेत गार असेल'. नसतं. हा गैरसमज माझाही होता, म्हणून कारण सांगते. जमिनीत खोल गेलं की ऋतू कळत नाहीत, तिथलं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं. युरोपातल्या गुहेत त्यामुळे स्वेटर लागतो. रायलसीमेची, म्हणजे बेलमच्या या मुलखाची, सरासरीच उबदार, त्यामुळे बेलमच्या आत पंचा लागतो. वर हवेत ओल इतकी की घाम सुकत नाही. आत ठिकठिकाणी हवा खेळती ठेवायची सोय केली आहे, पण दुपारच्या गर्दीत शेकडो माणसं श्वास घेत असली की कोंदट होतंच. आमच्या जाऊबाईंना घेरी आली ती याच्यानंच, वर जेवण करून लगेच उतरलेलो.

तेव्हा सकाळी उघडताक्षणी आत. शक्यतो आठवड्याचा मधला वार. लागून आलेल्या सुट्ट्या टाळा.

पायरी चौथी: जायचं कसं

सोलापूरकरांचं नशीब असं की मुंबई-चेन्नई लोहमार्ग आपल्या दारातून जातो आणि बेलमला जवळचं मोठं गाव त्याच मार्गावर आहे. कलबुर्गी, शहाबाद, वाडी, यादगीर, रायचूर, मंत्रालयम रोड, अदोनी, गुंतकल, गुत्ती आणि मग ताडपत्री. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. हो, गावाचं नाव ताडपत्री. आमची मुलं रायचूरपर्यंत 'पावसाळ्यात छपरावर घालतात ते गाव' म्हणून हसत होती.

सगळ्या गाड्या ताडपत्रीला थांबत नाहीत. गुंतकल मोठं जंक्शन, तिथं उतरून पुढं बस किंवा गाडी करता येते. तिकीट काढताना दोन्ही नावं तपासा. रात्रीची गाडी मुलांना सोयीची. झोपेत अंतर जातं आणि पहाटे खिडकीतून सिमेंटचे कारखाने दिसायला लागतात. तो चुनखडक आला म्हणून समजा. सोलापुरी चादर घ्याच, पांघरायला आणि परतीच्या प्रवासात ओले कपडे गुंडाळायला.

ताडपत्री ते बेलम साधारण तीस किलोमीटर. बस असतात, पण मुलं बरोबर असली की रिक्षा किंवा गाडी करावी. भाडं ठरवताना जाणं, येणं आणि थांबणं, तिन्ही बोलून घ्या. किती तास थांबायचं तेही. आम्ही पहिल्यांदा 'थांबणं' बोललोच नव्हतो. गाडीवाल्याचे फोन गुहेत लागत नव्हते म्हणून तो वरती संतापलेला, आणि वर आल्यावर आम्ही.

भाषेचं म्हणाल तर सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात ज्यांचे शेजारी-मित्र आहेत त्यांना काही शिकवायला नको. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलांना सात-आठ तेलुगू शब्द शिकवून पाठवलं. 'नीळ्ळु' म्हणजे पाणी, 'एंता' म्हणजे किती, 'मेल्लगा' म्हणजे हळू, 'कारम वद्दु' म्हणजे तिखट नको. आणि एक सापळा: तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. जेवताना वाढपी भात घेऊन आला, आमचे हे मराठीतलं 'चालू द्या' अशा अर्थानं हात हलवत "चालू, चालू" म्हणत राहिले. भात काही पानात पडेना.

तिथलं जेवण झणझणीत असतं. सोलापूरच्या माणसाला त्याचं काय, पण मुलांसाठी 'पेरुगु अन्नम' मागा, दहीभात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असली की कुठंही अडत नाही. फक्त ती गुहेत न्यायची नाही.

घरात वडीलधारी असतील तर वाटेत मंत्रालयम जोडा. तुंगभद्रेकाठचं राघवेंद्रस्वामींचं वृंदावन रेल्वे स्टेशनापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. सासूबाईंनी पाताळाला होकार दिला तो या बोलीवर.

पायरी पाचवी: अंगावर आणि पिशवीत

सुती, सैल, मळले तरी चालतील असे कपडे. लांब विजार असावी, गुडघे टेकावे लागतात. पायात खाच असलेले बूट, चप्पल नको. ओल्या दगडावर नवी गुळगुळीत चप्पल म्हणजे केळीची सालच.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात दोरीला बांधलेली छोटी बॅटरी. आत दिवे आहेत हे खरं. पण वीज कुठं नाही जात? मोबाइलच्या उजेडावर अवलंबून राहू नका, तो फोटो काढून काढून आधीच मेलेला असतो. शिट्टीही द्या, पण 'हरवलो तरच' या अटीवर. नाहीतर घुमणाऱ्या गुहेत शिट्टी म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच.

पाण्याची एक बाटली, एक पंचा, दम्याचा त्रास असणाऱ्याचा पंप. बाकी पिशव्या वर ठेवा. दोन्ही हात मोकळे हवेत. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास, गुडघे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि प्रामाणिकपणे ठरवा. सासूबाईंनी पायऱ्या उतरून पहिलं मोठं दालन बघितलं आणि "झालं माझं" म्हणून वर जाऊन झाडाखाली बसल्या. त्यांच्या सहलीत काही कमी पडलं असं मला वाटत नाही.

पायरी सहावी: तोंडाशी

जमिनीत विहिरीसारखे खड्डे दिसतात. त्यातल्या मधल्या खड्ड्यातून पायऱ्यांनी उतरायचं. सपाट माळ, आजूबाजूला शेतं, आणि मधेच जमिनीला तोंड. बाहेरून डोंगर नाही, कडा नाही. मुलांना हे फार आवडतं.

उतरण्याआधी शू. आत सोय नाही, आणि हे वाक्य प्रत्येक मुलाला वेगळं सांगावं लागतं. तिकिटाला सुटे पैसे ठेवा.

मग नियम, पण तीनच. एक, पुढे एक मोठं माणूस, मागे एक मोठं माणूस, मुलं मधे, ओलांडायचं नाही. दोन, फाट्यावर थांबायचं, सगळे आल्याशिवाय वळायचं नाही. तीन, दिवे गेले तर जिथं आहात तिथंच उभं राहायचं, बॅटरी लावायची, चालायचं नाही. आम्ही प्रत्येक दालनात शिरताना एक-दोन-तीन-चार असे आकडे म्हणवून घेत होतो. पाचवा आकडा आजी वर गेल्यावर धाकटी म्हणत होती.

चौथं एक वचन आपण द्यायचं: "परत जायचं म्हणालीस तर परत जाऊ. रागावणार नाही." आणि ते पाळायचं. पहिल्या खेपेला आम्ही 'अगं, आलंच, अजून थोडं' करत तिला पुढं नेलं होतं, तिथंच बिघडलं.

पायरी सातवी: आत

पायऱ्या संपल्या की लगेच चालायला लागू नका. बाजूला उभे राहा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधुक उजेडाला सरावायला वेळ लागतो, पहिल्या पाच मिनिटांत बराच फरक पडतो. याच पाच मिनिटांत मुलं ठेचकाळतात आणि घाबरतातही. आम्ही तिथं उभं राहून नुसता वास घेतला. मोठा म्हणाला, "पहिला पाऊस पडल्यावर वाड्याच्या तळघराला येतो तसा."

भिंतींकडे बघा. बेलममध्ये लवणस्तंभांइतकीच, किंबहुना जास्त, बघायची गोष्ट म्हणजे पाण्यानं घासून गुळगुळीत केलेल्या भिंती. लाटांसारखे आडवे थर, मधेच खोलगट पन्हळी. पाणी इथून वाहत गेलं हे दगडावर लिहून ठेवलंय. हे कुणी दाखवत नाही, कारण सगळे आकार बघण्यात गुंग असतात.

आकारांनाही हरकत नाही. सिंहाच्या जबड्यासारखं सिंहद्वारम्, हजारो शिवलिंगांसारखे स्तंभ असलेलं कोटिलिंगालु, नागाच्या फणांसारखं छत, वडाच्या पारंब्यांसारखं दालन, अशी नावं दिलेली आहेत. आम्ही खेळ केला: पाटी वाचायच्या आधी प्रत्येकानं आपलं नाव ठेवायचं. नागाच्या हजार फणांना धाकटीनं 'उलट्या ठेवलेल्या पुऱ्या' म्हटलं. दहा वर्षांनी मला तेलुगू नाव आठवेल की नाही ठाऊक नाही, पुऱ्या आठवतील.

सप्तस्वरांच्या दालनात लवणस्तंभावर टकटक केली की धातूसारखा नाद येतो. लोक वाजवतात, मुलांचे हात शिवशिवतात. माझं मत स्पष्ट आहे: दुसरा वाजवत असेल तर ऐका, आपण वाजवू नका. बोटांचं तेल दगडाला लागलं की पुढचा चुना नीट धरत नाही, आणि रोज हजार टकटकी झाल्या तर अकरा हजार वर्षांचं काय होईल हा हिशेब मुलांनी घरीच केलेला असतो. मोठ्यानं एका काकांना तो ऐकवलाही. मला तोंड लपवायला जागा हवी होती, आणि आतून बरंही वाटत होतं.

पाताळगंगेकडे उतरताना वाट अरुंद होते, वाकावं लागतं, पाणी ठिबकतं. इथं मुलं सरसर जातात. डोकं आपटतं ते बाबांचं. टोपी घाला. खाली जमिनीतून वाहत येऊन जमिनीतच गडप होणारा बारीक झरा आहे. वर रखरखीत माळ आणि ४६ मीटर खाली हे पाणी, याच पाण्याच्या पूर्वजांनी ही सगळी वाट खोदली. इथं मुलांना बोलू नका सांगून एक मिनिट थांबा. घरी केलेला अंधाराचा सराव इथं उपयोगी पडतो: त्यांना ऐकायची सवय झालेली असते.

वटवाघळं दिसली तर बॅटरी त्यांच्या तोंडावर मारायची नाही. दिवसा ती झोपलेली असतात, रात्री शेतातले किडे खातात. लेंडीला हात नको. वर आल्यावर साबणानं हात धुवा, मगच भाकरी.

आणि दिव्यांबद्दल. लाल-हिरव्या उजेडात फोटो झकास येतात, पण दगडाचा खरा रंग कळत नाही. मुलांना आपली पांढरी बॅटरी एखाद्या भिंतीवर धरायला सांगा. राखाडी, काळपट, कुठं मधासारखा. "आई, हा तर ओटा आहे," असं धाकटी जोरात म्हणाली, आणि मागच्या अनोळखी मराठी बाईंनी थांबून भिंतीला नाक लावलं.

पायरी आठवी: परतणं

सगळी गुहा बघायलाच हवी असं नाही. मुलांसोबत दीड तास पुष्कळ. दमलेलं मूल पायऱ्या चढताना धडपडतं, आणि इथं जाताना उतार, येताना चढ. म्हणून निम्मी ताकद राहिली असतानाच वळा. पाताळगंगा राहिली तर राहू द्या.

बाहेर आल्यावर ऊन एकदम डोळ्यांवर येतं. शेवटच्या पायऱ्यांवर थोडं थांबून वर या. पाणी, साबण, कोरडा शर्ट, जेवण, या क्रमानं.

दुपार रिकामी असेल तर ताडपत्रीत विजयनगरच्या काळातली दोन देवळं आहेत. चिंताल वेंकटरमण देवळात दगडी रथासारखा गरुडमंडप आहे, मुलांना बघता येईल असा. पेन्ना नदीकाठचं बुग्गा रामलिंगेश्वरही सुंदर. एक दिवस जास्त असेल तर साठेक किलोमीटरवर गंडिकोटा: पेन्नेनं कापलेली खोल घळ आणि काठावर किल्ला. तिथं कठडे नाहीत, मुलांचे हात सोडू नका. गुहेतून निसटलेलं मूल शिट्टीनं सापडतं, इथं तसं नाही.

घरी आल्यावर

एक प्रयोग उरतो. दोन ग्लासांत कडकडीत पाणी घेऊन त्यात मावेल तेवढा खायचा सोडा विरघळवा. लोकरीचा जाड धागा दोन्ही ग्लासांत टोकं बुडवून मधे झोळीसारखा लोंबकळता ठेवा, खाली ताटली. धाग्यातून पाणी सरकत येतं, मधोमध ठिबकतं, वाळतं आणि चार-पाच दिवसांत पांढरा स्तंभ लोंबायला लागतो. इथं काम होतं ते पाणी वाळल्यामुळे. गुहेत कार्बन डायऑक्साइड निसटल्यामुळे होतं, तेवढा फरक मुलांना सांगा.

ताटली ठेवायची जागा मात्र विचार करून निवडा. आमची ओट्याच्या कोपऱ्यात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी "कुणी सांडलंय हे" म्हणत पुसून टाकली. दुसरी आता फ्रिजवर आहे.